‘विथ’ शिकायचा तर ‘संगे’पासून सुरुवात करा

इंग्रजीतल्या ‘विथ’चा जुना अर्थ ‘सोबत’ नव्हताच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘विरुद्ध’, ‘समोर’, ‘च्या दिशेने’ अशा अर्थांनी वापरला जाई. शाळेत मात्र आपण ‘विथ म्हणजे सोबत’ एवढं पाठ करून मोकळे होतो. पुढे कोणावर तरी रागावणं, कोणाशी तरी भांडणं, थंडीने कुडकुडणं, पेनने लिहिणं, चष्मेवाला माणूस, या सगळ्यांत हाच एक शब्द दिसायला लागला की गोंधळ उडतो. यातल्या एकाही ठिकाणी ‘सोबत’ बसत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मराठी माध्यमात शिकलेल्या, घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या आणि आता बँकेच्या परीक्षेसाठी, एमआयडीसीतल्या नोकरीसाठी नाहीतर केळीच्या व्यवहाराच्या मेलसाठी इंग्रजी लिहायला बसलेल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. दुसऱ्या पायरीत इतिहास आहे. घाईत असाल तर ती ओलांडून पुढे जाता येईल, पण माझं ऐकाल तर जाऊ नका. पुढच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

पहिली पायरी: शब्दाची जागा

मराठीतलं शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं आणि नामाला चिकटतं: भावासोबत, मित्राबरोबर, मुलांसह. इंग्रजीत ते नामाच्या आधी, सुटं उभं राहतं: विथ माय ब्रदर. मराठीत अव्यय लागताना नामाचं सामान्यरूप होतं, ‘भाऊ’चा ‘भावा’ होतो. इंग्रजीत नाम जसंच्या तसं राहतं, बदलतं ते फक्त सर्वनाम. म्हणून ‘विथ ही’ चूक, ‘विथ हिम’ बरोबर. ‘विथ आय’ कोणी म्हणत नाही, पण ‘विथ माय ब्रदर अँड आय’ असं शिकलेली माणसंही बिनदिक्कत लिहितात. तिथेही ‘आय’ नव्हे, इंग्रजीतलं ‘मी’ (me) हवं. शंका आली तर भावाला क्षणभर बाजूला काढा आणि उरलेलं वाक्य वाचून बघा, चूक लगेच कानाला लागेल.

जागेची आणखी एक खोड आहे आणि ती मराठी माणसाला हमखास अडवते. पेन मागताना आपण म्हणतो, ‘लिहायला एक पेन द्या.’ याचं इंग्रजी बहुतेक जण ‘गिव्ह मी अ पेन टु राइट’ असं करतात. इंग्रजी कानाला ते अर्धवट लागतं. पूर्ण वाक्य असं: ‘गिव्ह मी अ पेन टु राइट विथ.’ ‘विथ’ वाक्याच्या शेवटी एकटाच उरतो, पुढे नाम नाही, तरी तो लागतोच. कारण इंग्रजीत माणूस पेन लिहीत नाही, पेनने लिहितो, आणि तो ‘ने’ वाक्यात कुठेतरी दिसावा लागतो. तसंच ‘बोलायला कोणीतरी हवं’ म्हणजे ‘समवन टु टॉक विथ’. मराठीत अव्ययाला असं वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून हे आपल्याला सुचत नाही. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊच नये, असा एक जुना नियम काही पुस्तकांत सापडेल. इंग्रजी लेखक तो शतकानुशतकं मोडत आले आहेत. तुम्हीही निर्धास्त मोडा.

दुसरी पायरी: हा शब्द आला कुठून

जुन्या इंग्रजीत ‘सोबत’साठी वेगळा शब्द होता: मिड. जर्मनमधला ‘मिट’, डचमधला ‘मेट’, स्वीडिश-डॅनिशमधला ‘मेड’ हे त्याचेच भाऊबंद, आणि ते सगळे आजही ‘सोबत’ याच अर्थाने धडधाकट आहेत. इंग्रजीतला तेवढा गेला. ‘विथ’ त्या काळी विरोधाचा शब्द होता. अँग्लो-सॅक्सन काळातल्या इतिवृत्तात ८७१ सालच्या नोंदीत राजा एथेलरेड आणि त्याचा भाऊ आल्फ्रेड डॅनिश सैन्याशी लढल्याचं लिहिलं आहे. तिथल्या ‘सैन्याशी’ला मूळ भाषेत याच ‘विथ’चं जुनं रूप आहे. हे दोघे डॅनिश सैन्याच्या बाजूने लढत नव्हते, त्याच्यावर चालून गेले होते.

आता तुम्ही नुकतंच वाचलेलं मराठी वाक्य पुन्हा बघा. ‘सैन्याशी लढले.’ आपला ‘शी’ही तेच करतो. मित्राशी गप्पा आणि शत्रूशी लढाई, दोन्हीकडे एकच प्रत्यय. अहिराणी बोलणाऱ्याला तर हे आणखी सोपं आहे. ‘तो मनासंगे उना’ म्हणजे तो माझ्यासोबत आला. ‘तो मनासंगे भांडना’ म्हणजे तो माझ्याशी भांडला. ‘संगे’ तोच. पहिल्यात तो माझ्या बाजूला आहे, दुसऱ्यात समोर उभा आहे. लहानपणापासून हे बोलत आलेल्या माणसाला ‘विथ’ची दोन तोंडं वेगळी शिकवावी लागू नयेत. प्रमाण मराठीच्या ‘सोबत’वरून इंग्रजीकडे जाण्यापेक्षा घरच्या ‘संगे’वरून गेलात तर वाट जवळची पडते. ‘सोबत भांडला’ म्हटलं की मराठीतही अर्थ बदलतो, ‘संगे’ दोन्ही अर्थ सांभाळतो.

विरोधाचा शब्द सोबतीचा झाला कसा? काही क्रिया अशा असतात की समोरच्याशिवाय होतच नाहीत. भांडण, घासाघीस, शर्यत, पैज, वादविवाद. रावेरच्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून हुज्जत घातली तर व्यापारी त्याचा प्रतिपक्षही असतो आणि त्या सौद्यातला भागीदारही. अशा जागी ‘च्या विरुद्ध’ आणि ‘च्या बरोबर’ यांच्यातली भिंत पातळ होते आणि शब्द हळूहळू पलीकडे सरकतो. त्यात इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात वसलेल्या डॅनिश लोकांच्या भाषेत याच शब्दाचा सख्खा भाऊ होता आणि तो दोन्ही अर्थांनी चालत असे. त्याचाही रेटा लागला, असं अभ्यासक मानतात. १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतरच्या दोन-तीन शतकांत ‘विथ’ने ‘मिड’ची कामं एकेक करून उचलली: सोबत असणं, साधन, रीत. १४व्या शतकाच्या अखेरीस ‘मिड’ जवळजवळ संपला. विरोध दाखवायला मग ‘अगेन्स्ट’ पुढे आला.

‘मिड’ एका शब्दात मात्र चिकटून राहिला आहे. मिडवाइफ, म्हणजे सुईण. ‘वाइफ’चा जुना अर्थ नुसताच ‘बाई’, त्यामुळे मिडवाइफ म्हणजे बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई. ‘मिडडे’मधला ‘मिड’ वेगळा. तो आपल्या ‘मध्य’चा दूरचा भाऊ, त्याचा या ‘मिड’शी घोळ घालू नका.

आणखी मागे गेलं तर गोष्ट जास्तच मजेदार होते. ‘विथ’चं मूळ ज्या प्राचीन धातूपर्यंत पोचतं त्याचा अर्थ ‘वेगळं, दूर’ असा धरतात, आणि संस्कृतातला ‘वि’ हा उपसर्ग त्याच कुळातला. वियोग, विभक्त, विलग यांतला ‘वि’. ताटातुटीच्या मुळातून आलेला शब्द आज जगभर ‘एकत्र’ म्हणून वापरला जातो. जर्मनमध्ये ‘विडर’ अजूनही ‘विरुद्ध’च आहे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. शेवटी छापलेल्या भागात जे शब्द होते त्यांत ‘विथ’ आहे. हा नुसता वर्णक्रमाचा परिणाम नाही, एक्स, वाय, झेडचे शब्द त्याआधीच, १९२१मध्ये छापून झाले होते. पण एवढ्याशा शब्दाला थांबावं मात्र बरंच लागलं.

तिसरी पायरी: मराठीच्या खुंट्या

आता वापराकडे. मराठीचे तीन-चार प्रत्यय डोक्यात ठेवले की ‘विथ’चं बहुतेक काम उरकतं.

पहिली खुंटी ‘सोबत, बरोबर, सह’. ही सगळ्यांना येते, इथे वेळ घालवत नाही.

दुसरी ‘ने’. मराठीचा ‘ने’ फार कामसू आहे, तो कर्त्याला लागतो, साधनाला लागतो, वाहनाला लागतो, कारणाला लागतो. इंग्रजीत या प्रत्येकाची सोय वेगळी आहे. हातात धरून वापरायचं साधन असेल तर ‘विथ’: विळ्याने घड कापला, चाकूने वांगं चिरलं, पेनने सही केली. काम करणारा माणूस असेल तर ‘बाय’. एकाच वाक्यात दोघं आले की फरक उघड दिसतो: ‘द बंच वॉज कट बाय अ वर्कर विथ अ सिकल.’ मजुराला ‘बाय’, विळ्याला ‘विथ’. वाहन असेल तरीही ‘बाय’: बसने म्हणजे ‘बाय बस’. ‘विथ बस’ लिहिलंत तर बस बगलेत मारून निघाल्यासारखं वाटेल. पण ‘माझ्या गाडीने’ म्हणताना मध्ये ‘माय’ आला की ‘बाय’ही चालत नाही, ‘इन माय कार’ होतं. शाई, पेन्सिल यांच्यासाठी ‘इन’ही चालतो: ‘राइट इन पेन्सिल.’ म्हणजे कशाने लिहिलंय यापेक्षा कशात लिहिलंय याकडे नजर आहे.

कारणाचा ‘ने’ जरा नाजूक. अंगावर जे दिसतं त्याला ‘विथ’ शोभतो: थंडीने कुडकुडणं, भीतीने थरथरणं, आनंदाने उड्या मारणं, लाजेने लाल होणं. तापाने अंथरुणाला खिळला तर ‘डाउन विथ फीव्हर’. पण ‘सफर’ क्रियापद वापरलंत की लगेच ‘फ्रॉम’: ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर.’ आणि तापाने मेला तर ‘डाइड ऑफ’. याला तर्क शोधत बसू नका, क्रियापदासोबतच पाठ करा.

रीतीचा ‘ने’सुद्धा इथेच येतो. काळजीने, अडचणीने, आवडीने: ‘विथ केअर’, ‘विथ डिफिकल्टी’, ‘विथ प्लेझर’. उघड्या डोळ्यांनी झोपणं हे ‘स्लीपिंग विथ आइज ओपन’. ‘नी’ म्हणा किंवा ‘ठेवून’ म्हणा, इंग्रजीत एकच ‘विथ’.

तिसरी खुंटी पुस्तकांत क्वचितच सांगतात, पण माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आहे: ‘चा’ आणि ‘वाला’. केळीच्या बागेत माणसं ‘नऊ फण्यांचा घड’ म्हणतात. त्याचं इंग्रजी करताना ‘ऑफ’ सुचतो, कारण ‘चा म्हणजे ऑफ’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण घडाला नऊ फण्या आहेत असं सांगायचं असेल तर ‘अ बंच विथ नाइन हँड्स’. फणीला इंग्रजीत ‘हँड’च म्हणतात आणि एकेका केळीला ‘फिंगर’. लाल दाराचं घर, लांब केसांची मुलगी, चष्मेवाला साहेब, दोन खोल्यांची चाळ, सगळीकडे ‘विथ’. सोपी परीक्षा अशी: ‘चा’च्या जागी ‘असलेला’ घालून बघा. ‘नऊ फण्या असलेला घड’ चाललं, म्हणजे ‘विथ’ चालेल. ‘रामाचं घर’चं ‘राम असलेलं घर’ होत नाही, म्हणजे तिथे ‘विथ’ नको.

याच अर्थामुळे एक वाक्य नवख्यांना दचकवतं. ‘ही इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन.’ पहिल्यांदा वाचणारा घाबरतो. अर्थ एवढाच की त्याचं लग्न झालंय आणि त्याला दोन मुलं आहेत. कोणाशी लग्न झालं ते सांगायला ‘टु’ लागतो, आणि इथूनच आपण पुढच्या खुंटीवर येतो.

चौथी ‘शी’. हिचे ‘टु’ आणि ‘विथ’ असे दोन वाटेकरी आहेत. भांडणं, सहमत असणं, घासाघीस करणं, प्रामाणिक असणं: विथ. एकनिष्ठ असणं, नातं असणं, जोडलेलं असणं: टु. बोलणं दोन्हीकडे चालतं. तुलनाही दोन्हीकडे चालते, फक्त नेमका फरक मोजायचा असेल तर ‘विथ’कडे कल जास्त, आणि एकाला दुसऱ्यासारखं म्हणायचं असेल तर ‘टु’कडे. साधारण अंदाज म्हणून, क्रिया दोन्ही बाजूंनी होत असेल तर ‘विथ’, एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल तर ‘टु’. लग्न मात्र हा अंदाज धुडकावून लावतं. लग्नाइतकी दुतर्फा गोष्ट दुसरी नाही, आणि इंग्रजी तिथे ‘टु’ वापरते. ‘मॅरीड विथ हर’ हे आपल्याकडे फार ऐकू येतं. ते सोडून द्या.

चौथी पायरी: मराठी फसवते त्या जागा

इथे यादी देण्याऐवजी रोजच्या कामातल्या जागा दाखवतो.

‘तो माझ्यावर रागावला.’ ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ असा हिशेब करून ‘अँग्री ऑन मी’ लिहिलं जातं. हवं ते ‘अँग्री विथ मी’. इथे ‘विथ’चा तो जुना, समोर उभा राहिलेला अर्थ आठवा, मग ‘सोबत रागावला’ असं विचित्र वाटणार नाही. ‘अॅट मी’ही बरोबर आहे. गोष्टीवरचा राग असेल तर ‘अबाउट’.

‘साहेबांना भेटलो.’ एखाद्याला नुसतं भेटायला काहीच लागत नाही, ‘आय मेट हिम’. ‘मीट विथ’ हे ठरवून बैठक करण्यासाठी अमेरिकेत चालतं. आणि अपघात, नकार, यश यांच्या वाट्याला जाणं हेही ‘मीट विथ’: ‘ही मेट विथ अॅन अॅक्सिडेंट.’ आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत हे इतकं रुळलंय की अपघात म्हटला की ‘मेट विथ’ आपोआप उमटतो. चूक नाही, पण ‘ही हॅड अॅन अॅक्सिडेंट’ जास्त साधं.

‘चर्चा.’ विषयाला काही लावू नका, माणसाला ‘विथ’ लावा: ‘वी डिस्कस्ड द रेट विथ द ट्रेडर.’ ‘डिस्कस अबाउट’ हे आपलं घरगुती उत्पादन आहे.

‘जुळवून घेणं’ म्हणजे ‘कोप विथ’. मध्ये ‘अप’ टाकून ‘कोप अप विथ’ करायची सवय देशभर आहे, बहुधा ‘कीप अप विथ’शी गल्लत होऊन. परीक्षेत चूक शोधायला देतात त्या वाक्यांत हे ठरलेलं गिऱ्हाईक आहे.

‘पुरवणं’ आणि ‘देणं.’ ‘गिव्ह’सोबत ‘विथ’ येत नाही, ‘प्रोव्हाइड’ आणि ‘सप्लाय’सोबत येतो, आणि तो वस्तूच्या आधी येतो, माणसाच्या नाही: ‘दे प्रोव्हायडेड द फार्मर्स विथ सॅपलिंग्ज.’ शेतकऱ्यांना रोपं पुरवली. मराठीत रोपांना काहीच लागत नाही, शेतकऱ्यांना ‘ना’ लागतं. इंग्रजीत उलटं. मेल लिहिणाऱ्यांनी हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं, रोज लागतं.

‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, पण ‘पैसे माझ्याकडे नाहीत’ म्हणतात, आणि त्याचं ‘आय हॅव नो मनी विथ मी’ बरोबर आहे. आत्ता, अंगावर, खिशात नाहीत असा अर्थ. घरी असतील कदाचित. ‘विथ मी’ काढलंत तर अर्थ एकदम ‘कफल्लक’ असा होतो. उधार मागणाऱ्याला उत्तर देताना हा फरक उपयोगी पडतो.

जेवणाकडेही एकदा वळू. आपण ‘भरीत-पुरी’, ‘शेवभाजी-भाकरी’ म्हणतो, मधल्या रेघेवर काम भागतं. इंग्रजी मेन्यूत ‘भरीत विथ पुरी’ होतं, आणि ‘विथ’च्या पुढे येतं ते तोंडीलावणं, आधी येतं ते मुख्य. उलटं लिहिलंत तर पुरी मुख्य आणि भरीत चवीपुरतं, जे खानदेशात कोणी ऐकून घेणार नाही. बनवण्याच्या बाबतीत तीन शब्द लागतात. मूळ पदार्थ तसाच ओळखू येत असेल तर ‘मेड ऑफ’: लाकडाचं टेबल. रूप पार बदललं असेल तर ‘मेड फ्रॉम’: दुधाचं दही. अनेक घटकांपैकी एक सांगायचा असेल तर ‘मेड विथ’: हिरव्या मिरचीचं भरीत. वांगं कुठल्या शब्दाने सांगायचं यावर वाद घालता येईल, पण मिरची ‘विथ’चीच.

पाचवी पायरी: शब्दांच्या पोटातला ‘विथ’

दुसऱ्या पायरीतला जुना अर्थ इथे वसूल होतो. काही शब्दांच्या सुरुवातीला ‘विथ’ दिसतो आणि ‘सोबत’ घालून बघितलं तर काहीच जमत नाही. तिथे ‘मागे, दूर, विरुद्ध’ घाला.

बँकेत आपण ज्याला ‘विड्रॉल’ची स्लिप म्हणतो तो शब्द ‘विथड्रॉवल’. ‘ड्रॉ’ म्हणजे ओढणं, ‘विथ’ म्हणजे मागे, दूर. पैसे खात्यातून मागे ओढून घेतले. निवडणुकीत अर्ज मागे घेणं हेही ‘विथड्रॉ’, आणि तिथे मराठीतला ‘मागे’ जसाच्या तसा उभा आहे. विद्यापीठाच्या निकालात नावापुढे ‘विथहेल्ड’ आलं की पोटात गोळा येतो. ‘होल्ड’ म्हणजे धरणं, म्हणून ‘विथहोल्ड’ म्हणजे मागे धरून ठेवणं, निकाल राखून ठेवणं. पगारातून कर कापून घेण्यालाही हाच शब्द. ‘विथस्टँड’ म्हणजे विरुद्ध उभं राहणं, टिकून राहणं. उन्हाळ्यातलं खानदेशी ऊन सोसणाऱ्या वाणाबद्दल लिहायचं तर हेच क्रियापद: ‘अ व्हरायटी दॅट कॅन विथस्टँड हीट.’ उष्णतेसोबत नव्हे, उष्णतेला तोंड देऊन उभी राहणारी.

‘विदिन’ आणि ‘विदाउट’ ही जोडी जागेची होती: आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला. लंडनच्या जुन्या तटबंदीबाहेरच्या चर्चच्या नावांत ‘विदाउट’ अजून आहे, उदाहरणार्थ सेंट बोटॉल्फ विदाउट बिशप्सगेट. त्याचा अर्थ ‘बिशप्सगेटशिवाय’ असा घेतला तर हसं होईल, अर्थ आहे ‘बिशप्सगेट वेशीच्या बाहेरचं’. वेशीच्या बाहेर म्हणजे तिच्यापासून तुटलेलं, त्यावरून ‘शिवाय’ हा अर्थ पक्का झाला. ‘विदिन’ला मात्र अजून हद्दीची आठवण आहे, मग ती जागेची असो की वेळेची. ‘विदिन टेन डेज’ म्हणजे दहा दिवसांच्या आत, सातव्या दिवशी दिलं तरी चालेल. ‘इन टेन डेज’चा अर्थ बहुधा दहा दिवसांनी. माल पाठवायची मुदत लिहिताना या दोघांत गल्लत केली तर भांडण नक्की. कोणाशी, ते सांगायला ‘विथ’ आहेच.

स्पर्धा परीक्षेवाल्यांना ‘नॉटविथस्टँडिंग’ वारंवार भेटतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३७०ची सुरुवात २०१९पर्यंत याच शब्दाने होत असे. कायद्याच्या मराठीत त्याला ‘काहीही असले तरी’ असं म्हणतात. फोड करून बघा: नॉट, विथ, स्टँडिंग, म्हणजे ‘आड उभं न राहता’. बाकीच्या तरतुदी याच्या आड येणार नाहीत. एरवी कायद्याचं इंग्रजी नुसतं घोकावं लागतं, पण हा एक शब्द उकलून समजतो. ‘विथ ऑल हिज फॉल्ट्स’ म्हणजे ‘इतके दोष असूनही’.

आणि एक शब्द सारंगखेड्याला जाणाऱ्यांसाठी. दत्तजयंतीला तापीकाठी तिथे घोड्यांचा बाजार भरतो, आणि घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा हे मोजण्याचं ठिकाण. इंग्रजीत त्या उंचवट्याला ‘विदर्स’ म्हणतात. ओझं ओढताना घोडा त्याच जागेने जोर लावतो, भाराच्या विरुद्ध, म्हणून हे नाव आलं असावं, असा व्युत्पत्तिकारांचा कयास आहे. नातं पुन्हा त्याच जुन्या ‘विरुद्ध’शी.

सहावी पायरी: एकवचन की अनेकवचन

बँकेच्या पेपरात येणारा हा ठरलेला प्रश्न. ‘द फार्मर, अलाँग विथ हिज सन्स,’ याच्या पुढे ‘इज’ की ‘आर’? उत्तर ‘इज’. ‘विथ’, ‘अलाँग विथ’, ‘टुगेदर विथ’ यांनी जोडलेली माणसं कर्त्यात मोजली जात नाहीत, ‘अँड’ने जोडलेली मोजली जातात. नियम घोकायची गरज नाही. ‘शेतकरी मुलांसह आला’ आणि ‘शेतकरी आणि त्याची मुलं आली’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. ‘सह’ असताना क्रियापद बापाकडे बघून चालतं, ‘आणि’ असताना सगळ्यांकडे बघून. मराठी इथे इंग्रजीसारखीच वागते.

सातवी पायरी: उच्चार

शेवटचा ध्वनी आपल्या ‘थ’सारखा दाबून काढायचा नाही. जीभ वरच्या दातांच्या टोकाशी हलकी ठेवून हवा सोडायची. ब्रिटनमध्ये त्यात बहुधा घोष, म्हणजे गळ्यातला कंप असतो, ‘द’कडे झुकणारा, अमेरिकेत तो पुष्कळदा नसतो. दोन्ही चालतात. ‘विद’ म्हणालात म्हणून कोणी अडवणार नाही. सुरुवातीला मात्र ओठ गोल करा, दात ओठाला लावू नका, नाहीतर ‘व्हिथ’ होतं.

आठवी पायरी: जोडगोळ्या

‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणं, ‘डू अवे विथ’ म्हणजे बंद करून टाकणं, ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून सवरून सुटणं, ‘कम अप विथ’ म्हणजे काहीतरी सुचणं, ‘पार्ट विथ’ म्हणजे जड मनाने हातातलं सोडणं, ‘बेअर विथ मी’ म्हणजे जरा धीर धरा. यांचा अर्थ तुकड्यांवरून निघत नाही, ‘हात दाखवणं’चा अर्थ हातावरून निघत नाही तसाच. वहीत एका पानावर एकच जोडगोळी लिहा आणि तिच्याखाली स्वतःच्या दिवसातलं वाक्य: ‘पुट अप विथ’खाली लोडशेडिंग, ‘कम अप विथ’खाली पैसे वसुलीची नवी युक्ती, ‘पार्ट विथ’खाली विकायला काढलेली बैलजोडी. कोशातली उदाहरणवाक्यं तिथे उतरवू नका, ती लक्षात राहत नाहीत. आठवड्याने पान उलटून नुसती जोडगोळी झाका आणि वाक्य मराठीत म्हणून तिच्यासाठी इंग्रजी शोधा. जी अडली ती पुढच्या पानावर नव्याने, वेगळ्या वाक्यात.